पिशवीतली चिठ्ठी

सास्काटूनच्या शनिवारच्या बाजारात
मी मसूर विकते, किलोकिलोच्या कापडी पिशव्यांतून.
प्रत्येक पिशवीत हातानं लिहिलेली एक चिठ्ठी.
भाव नाही, पाककृती नाही.
त्या आठवड्यात शेतात काय झालं, तेवढंच.

वासिल, माझा धाकटा भाऊ, म्हणतो,
'ओरिसिया, लोकांना सूप करायचंय,
तुझी रोजनिशी चघळायची नाही.'
त्याचं बरोबर असेल.
पण मागं एक बाई दाणे तळहातावर घेऊन म्हणाली,
'हे कुठल्या कारखान्यात बनतं?'
डोळ्यांत चेष्टा नव्हती तिच्या.
त्या रात्री मी पहिली चिठ्ठी लिहिली.

मे महिन्यातली:
'आज दगड वेचले.
इथं न पेरता उगवणारं पीक तेवढं एकच.
हिवाळाभर जमीन गोठते, फुगते,
आणि एकेक धोंडा वर ढकलते, दात यावा तसा.
मसूर बुटका. शेंगा गुडघ्याच्याही खाली.
कापताना पातं मातीला घासत जातं,
म्हणून पेरल्यावर लोखंडी रूळ फिरवून
उरलेले दगड आत दाबतो.
तुमच्या दाताखाली खडा आलाच
तर तो माझ्या नजरेतून सुटलेला. माफ करा.'

जूनमधली:
'पश्चिमेच्या तुकड्यात पिवळे डाग पडलेत.
मुळं कुजतायत. औषध नाही.
सहा-आठ वर्षं तिथं मसूर घ्यायचा नाही, बस्स.
मला आत्ता एकोणसाठावं चालू आहे.'

लोक चिठ्ठ्या परत आणू लागले,
मागच्या कोऱ्या बाजूवर काहीबाही लिहून.
एका बस-ड्रायव्हरनं विचारलं, फुलं कुठल्या रंगाची?
पांढरी, निळसर झाक असलेली,
वाकल्याशिवाय दिसत नाहीत.
एका मुलीनं विचारलं, रात्री ट्रॅक्टरवर भीती वाटते का?
वाटते. झोपेची.
आणि एक, नाव नसलेली:
'तुम्ही विष फवारता का?'

ती तीन आठवडे माझ्या खिशात होती.
शिसपेन्सिलीनं लिहिलेली,
म्हणून पँटीबरोबर धुतली गेली तरी टिकली.
वासिल म्हणाला, उगाच कशाला.
शेजारचा डेलमर म्हणाला,
'नाही' लिही आणि मोकळी हो,
कोण येतंय बघायला?

ऑगस्टमधली:
'हो. तणांवर, पेरणीच्या आधी, एकदा.
आणि तीन वर्षांमागे, बर्फ दाराशी आलेलं असताना,
हिरवं पीक एकदम वाळावं म्हणून, कापणीच्या तोंडावर.
त्या हिवाळ्यात घरच्या डब्यात
आदल्या वर्षीचे दाणे होते.
आम्ही तेच खाल्ले.
का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.
तुम्ही विचारलंत.'

त्या शनिवारी चार पिशव्या परत आल्या.
एका म्हाताऱ्यानं पैसेही मागितले नाहीत,
नुसती पिशवी टेबलावर ठेवली, अलगद,
आत कुणी झोपलेलं असावं तशी.
डेलमर दोन दिवस बोलला नाही.
वासिलनं हिशेब केला, पेटी बंद केली,
दीडशे किलोमीटर गाडीत रेडिओ लावला नाही.

घराच्या वळणावर म्हणाला,
'यंदा वाळवायचं का?'
म्हटलं, शेंगांना विचारू.

उन्हं कलताना आम्ही दोघं शेतात उकिडवे बसलो,
रोपाच्या अगदी तळाच्या शेंगा कानाशी धरून हलवल्या.
पिकली असेल तर खुळखुळते.
वारा होता. नीट ऐकू येईना.
वासिलनं टोपी काढली, गुडघे टेकले,
डोकं जवळजवळ मातीला लावलं.
बराच वेळ.

रात्री त्यानं माझ्याकडे पेन मागितलं.
शाळा सोडल्यावर त्यानं
चेकवरच्या सहीखेरीज काही लिहिलेलं मी पाहिलं नाही.
सोळा चिठ्ठ्या लिहिल्या, सगळ्या एकसारख्या,
अक्षर उतरंडीला लागलेलं:
'अजून हिरवा आहे.
थांबलोय.'